ट्विटरचा मालक बदलला, तुमचं काय बदललं? खान्देशकरांसाठी अनुभव धागा

जळगावकरीण (धागाकर्ती):
27 ऑक्टोबर 2022 ला इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतलं. लगेच सीईओ पराग अग्रवाल यांना काढलं आणि आठवडाभरात साडेसात हजारांतले जवळपास निम्मे कर्मचारी घरी बसले. मग खातं खरं असल्याची खूण असलेली निळी टिक विकायला आली. जुलै 2023 मध्ये चिमणी गेली आणि 'एक्स' आलं. यावर पेपरांत भरपूर आलं, पण ते जाहिरातदारांचं नि अमेरिकेच्या राजकारणाचं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये लोक ही साइट कशासाठी वापरायचे आणि त्यांचं काय झालं, हे कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा. मालकाला शिव्या नकोत, आरत्याही नकोत. स्वतःचं लिहा.

अपडाऊनवाला, चाळीसगाव:
ताई, मी 2016 पासून सांगतो. तेव्हा सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते आणि प्रवाशाने ट्विट केलं की यंत्रणा हलायची. आईला घेऊन मुंबईहून येत होतो. नाशिक सोडलं आणि तिला घाम फुटला, हातपाय गार पडले. डबा, बर्थ, पीएनआर टाकून रेल्वेला ट्विट केलं. मोबाइल नंबर मागणारा निरोप आला आणि मनमाडला गाडी थांबते न थांबते तोच एक डॉक्टर बीपीचं मशीन घेऊन डब्यात चढले. "मावशी कुठे आहेत?" एवढंच विचारलं आणि खाली बसून आईचा हात हातात घेतला. ते मी जन्मात विसरणार नाही.

आजही रेल्वेचं उत्तर येतं, ते सांगायलाच हवं. फरक पडलाय तो त्याच्या खाली. 20 एप्रिल 2023 ला जुन्या फुकटच्या टिक काढून टाकल्या. तेव्हापासून निळी टिक म्हणजे याने पैसे भरले, एवढाच अर्थ उरला. तक्रार टाकली की दोन मिनिटांत टिकवाली खाती हजर. "रिफंडसाठी या नंबरवर फोन करा." डब्यातल्या एका काकांनी जवळजवळ ओटीपी दिलाच होता. सरकारी खात्यांना आता राखाडी टिक असते, तेवढी बघा. आणि दुखणं असेल तर आधी रेल्वेची हेल्पलाइन 139 लावा, पोस्ट नंतर.

केळीवाला, रावेर:
आमचं काम सोपं. हवामानवाले, बऱ्हाणपूरचे भाव टाकणारे आणि दिल्लीकडचे एक-दोन व्यापारी, एवढीच माणसं मी फॉलो करायचो. घड कापायचे की दोन दिवस थांबायचं, हे त्यावरून ठरायचं. 1 जुलै 2023 ला एकदम मर्यादा आली. पैसे न भरणाऱ्याला दिवसाला 600 पोस्ट. नंतर वाढवली म्हणा, पण त्या दिवशी पाऊस अंगावर आणि स्क्रीनवर काही उघडेना. त्याहून जास्त त्रास पुढचा. उघडलं की आधी अनोळखी लोकांची भांडणं दिसतात आणि वाऱ्याचा इशारा दुसऱ्या दिवशी वर येतो. केळीला वादळाचा इशारा शिळा मिळून काय उपयोग? बाग आडवी झालेली असते. मी त्या सगळ्या खात्यांची एक 'लिस्ट' करून ठेवलीय. तिच्यात पोस्ट वेळेप्रमाणे दिसतात. शेतकरी भावांनी हे नक्की करा.

बंगळुरूत राहणारी, मूळ नंदुरबार:
माझी मैत्रीण त्या कंपनीत होती. 4 नोव्हेंबर 2022 ची मेल. नोकरी टिकली तर ऑफिसच्या पत्त्यावर येणार, गेली तर खासगी पत्त्यावर. ती रात्रभर दोन्ही इनबॉक्स उघडून बसली होती. खासगीवर आली. भारतातली बहुतेक टीम तेव्हाच संपली. आपल्या भाषेतली शिवी कोणती आणि लाडाचं बोलणं कोणतं, हे ओळखणारी माणसं अशीच गेली. त्यानंतर मराठीतल्या घाण पोस्टची तक्रार करावीशीच वाटत नाही मला.

कोडवाला, धुळे:
इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघांनी एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, केला होता. हतनूर धरणाचे दरवाजे किती उघडले, तापीला किती पाणी सोडलं, याबद्दल लोक आणि पत्रकार जे लिहायचे ते शोधून एका ठिकाणी लावायचा. 41 दरवाजे आहेत हतनूरला. पूर्ण उघडले की खालच्या गावांना रात्रीत हलावं लागतं. सरकारी सूचना यायचीच, पण काठावरच्या माणसाने काढलेला फोटो बऱ्याचदा आधी यायचा.

फेब्रुवारी 2023 मध्ये फुकट एपीआय, म्हणजे असे प्रोग्राम ट्विटरशी जोडणारी सोय, बंद होणार असं जाहीर झालं. मार्चअखेर नवे दर आले. फुकटात नुसतं पोस्ट करता येईल, दुसऱ्यांच्या पोस्ट वाचायच्या तर महिन्याला 100 डॉलर. वाचणं हेच तर आमच्या बॉटचं काम होतं! होस्टेलच्या पोरांनी ते पैसे कुठून आणायचे? बंद केला. फसवे बॉट आणि लोकांची मतं फिरवणारे फुकट एपीआयचा गैरवापर करतात, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्यही असेल. पण ज्याच्यातून कुणी एक रुपया कमावत नव्हतं, त्याला वेगळा दर लावता आला असता, असं मला आजही पोटतिडकीने वाटतं.

शिक्षक, चोपडा:
मला एक गोष्ट मनापासून आवडली, ती लिहितो. 'कम्युनिटी नोट्स', म्हणजे दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच लिहिलेली खुलाशाची टीप. मुळात ती जुन्या मालकांच्या काळातली 'बर्डवॉच', पण वाढली आता. एप्रिल 2024 मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, भारतात सुरू झाली. वेगवेगळ्या मतांच्या लोकांना टीप पटली तरच ती दिसते. नववीच्या मुलांना मी एक खोटा व्हिडिओ आणि त्याखालची टीप दाखवली, तर मुलं स्वतः तारखा शोधायला लागली. टीप उशिरा येते, हे खरं. तरी नसण्यापेक्षा बरी.

अहिराणीतून लिहिणारा, अंमळनेर:
चिमणी गेली त्या दिवशी आमच्यातले बरेच जण खातं बंद करतो म्हणाले. तेव्हा एका आजोबांनी लिहिलं, "कथा जाई राहिनात भो?" (कुठे चाललात, भाऊ?) त्यांचा प्रश्न बरोबर होता. काही जण 'कू' या भारतीय अ‍ॅपवर गेले, ते जुलै 2024 मध्ये बंदच पडलं. तिथलं लिहिलेलंही गेलं. फेब्रुवारी 2024 ला आमच्या गावी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ओव्या, कानबाईची गाणी पुन्हा एक्सवरच टाकली आम्ही. वाचणारे कमी झालेत, पण पुण्या-सुरतेला गेलेले आपले लोक अजून तिथेच सापडतात. आता मात्र प्रत्येक गाणं आधी वहीत आणि पेनड्राइव्हवर उतरवतो, मग पोस्ट करतो.

जळगावकरीण:
धुळेकर दादा, हतनूरच्या बॉटचा कोड अजून असेल तर इथे सांगा. रावेर-यावलचे दोघे-तिघे खर्च वाटून घ्यायला तयार आहेत, मी विचारलंय. पावसाळ्याआधी झालं तर बरं.