मुक्या माराच्या जागी खाज आणि पुरळ

आईंच्या पोटरीवरचा काळानिळा डाग पिवळा पडू लागला आणि नेमकी तिथंच खाज सुटून पुरळ उठलं, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणी म्हटलंय की साकळलेलं रक्त असं बाहेर पडतं. तसं होत नाही. ते रक्त शरीर आतल्या आतच शोषून घेतं. रक्तातल्या लाल हिमोग्लोबिनचं विघटन होताना हिरवट बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं, म्हणून रंग बदलतो. या काळात थोडी खाज येऊ शकते, पण लाल पुरळ असेल तर आधी त्यावर काय काय चोळलं ते आठवा. दुखण्यावरचं जेल, बाम, आर्निका या वनस्पतीचं मलम, चिकटपट्टी, कशाचीही ॲलर्जी होऊ शकते, आणि ती बऱ्याचदा एकदोन दिवसांनी उठते, त्यामुळे संशय मारावरच जातो. हळद-चुन्याच्या लेपातला चुना तर कातडी सरळ भाजतो (आपल्याकडे तो अजून किती घरांत लावतात!). पुरळाची कड नीट बघा. लेप किंवा पट्टी होती तिथंच ती थांबत असेल तर कारण बहुधा तेच. सगळं बंद करा, गार पाण्याची घडी ठेवा, खाजवू देऊ नका.

लाल ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबूनही रंग जात नसेल तर ते कातडीखालचं रक्त असू शकतं. त्यात ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा मार न लागता नवे डाग दिसत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.