रोज हलणारं वजन : तुम्ही कसं धरता?

शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. काटा आणला. सोमवारी ७८.४, मंगळवारी ७९.६. रात्री तर एकच भाकर खाल्ली होती! चार दिवसांत काटा पलंगाखाली सरकवला. मग वेचणी लागली. सकाळी दवात वेचलेला कापूस दुपारच्या कापसापेक्षा जड भरतो, हे दारव्ह्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक. अंगातल्या पाण्याचंही तसंच, हे तेव्हा डोक्यात आलं. आता रोज पहाटे, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभा राहतो. आकडा कॅलेंडरवर लिहितो आणि रविवारी सातांची बेरीज करून सातनं भागतो. चार आठवडे : ७८.९, ७८.५, ७८.६, ७८.१. उतरतंय! तुमचे अनुभव मनापासून लिहा.

वरूड
पाळीच्या आधी माझं दीड किलो वाढते अन् पाळी झाली की आपोआप उतरते. हे कळायच्या आधी दोन वर्षं मी त्या दिवसांत जेवणच सोडत होती. एकदा तुरीच्या तासात भोवळ येऊन खाली बसली, सासूबाईंनी उचलून नेलं. बायांनो, असं करू नका. मागच्या पाळीच्या त्याच दिवसाचा आकडा काढा अन् त्याच्याशी ताडा.

अर्जुनी मोरगाव
मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आलो की दीड-दोन किलो कमी. माठातलं पाणी पोटभर प्यालो, जेवलो की परत तेवढंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात चरबी कुठली आली!

धारणी, अंगणवाडी सेविका
लेकराचं वजन करताना मी आधी रिकामी झोळी लटकवून काटा शून्यावर आणते, स्वेटर काढायला लावते. घरी मात्र काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवायची. जरा सरकला की आकडा वेगळा. आता त्याच्यापुरती एक शहाबादी फरशी बसवून घेतली.

हिंगणघाट
रोडग्यांच्या पंगतीनंतर दोन दिवस काटा चढलेलाच असतो. मीठ पाणी धरून ठेवते. घाबरत नाही, पण आकडा लिहितोच.

पुसद
सरासरी चांगलीच, पण एक सांगतो. बाबांचं हृदय कमजोर आहे. तीन दिवसांत अडीच किलो वाढलं, नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहायचा. पाणी असेल, उतरेल, म्हणून मी आठवडा काढला. पाणीच होतं. रात्री त्यांना आडवं झोपता येईना, उशा लावून बसवून ठेवलं आणि पहाटे दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी हद्द ठरवून दिली आहे : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले की रविवारची वाट पाहायची नाही, फोन करायचा. तो नंबर काट्याच्या वर भिंतीवर खडूनं लिहिला आहे.