ध्यानात जुनं दुःख वर येतं, त्याबद्दल
ध्यानाला बसलं की शांत वाटायच्या ऐवजी जुन्या गोष्टीच वर येतात, म्हणजे माझं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत चुकतंय. वडील गेल्यावर मी बसायला लागलो, तेव्हा डोळे मिटले की घसा दाटून यायचा. जबडा आवळलेला असतो हे कळायलाच मला कितीतरी दिवस लागले.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास हे सगळं चित्तविक्षेपाच्या, म्हणजे मन विचलित होण्याच्या, सोबतीला येतं असं एकाच सूत्रात सांगितलंय. पुढे उपायांमध्ये श्वास बाहेर सोडून थोपवणंही येतं. (आसनांवर मात्र अख्ख्या ग्रंथात जेमतेम तीन सूत्रं!)

मला गप्प बसण्यापेक्षा नामजप झेपला. पुटपुटत, माळ हातात घेऊन. मन भरकटलं तरी बोटाखाली पुढचा मणी येतोच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ निरोगी माणसांना ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्र आणि ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणायला लावली होती. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. देव कुठला, हे फुप्फुसांना बहुधा कळत नसावं.

फक्त झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसत्या साधनेवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मीही गेलो होतो. माळ सोडा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.