मदत हवी आहे: ड्रंक अँड ड्राइव्हची केस, लायसन्स जप्त

नमस्कार. सोलापुरात चादरी-टॉवेलचा माल टेम्पोतून विजापूर, कलबुर्गीला पोचवतो. परवा रात्री मित्राच्या साखरपुड्याहून मोटारसायकलवर येताना सात रस्त्याला नाकाबंदीत सापडलो. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ५८. घेतली होती, खोटं कशाला बोलू. जेवून दोन तास झाले होते, उतरली असेल असं वाटलं.

गाडी आणि लायसन्स ठेवून घेतलं, हातात पावती दिली. ओळखीचा एजंट म्हणतो, "दहा हजार भर, दुसऱ्या दिवशी लायसन्स आणून देतो." शेजारचे काका म्हणतात वर्षभर विसर. खरं काय? मोटारसायकलवर पकडलं तर टेम्पोही बंद का? शनिवारी माल न्यायचाय. बायकोला गाडी गॅरेजला आहे म्हणून सांगितलंय, तेही किती दिवस चालणार!

उत्तर १
भाऊ, एजंटला एक पैसाही देऊ नका. तुमची भानगड दोन ठिकाणी आहे, कोर्टात आणि आरटीओत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, तुम्ही जवळपास दुप्पट. या गुन्ह्यात जागेवर तडजोड होत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लायसन्सचं वेगळं. पोलीस ते आरटीओकडे पाठवतात. तिथे तुमचं म्हणणं ऐकून कलम १९ खाली पहिल्या गुन्ह्याला ३ महिने निलंबन होऊ शकतं. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स रद्दच. म्हणजे कोर्टात दंड भरला तरी आरटीओची नोटीस येणारच. मुदत संपल्यावरही उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही.

टेम्पोचं म्हणाल तर आदेश लायसन्सवरच्या सगळ्या वाहनांसाठी किंवा ठरावीक प्रकारासाठी निघू शकतो. सुनावणीला जा, पोट टेम्पोवर आहे हे लेखी द्या. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील आहे.

पावतीवर तारीख लिहिलीय का बघा. त्या तारखेपर्यंत पावतीवर गाडी चालवता येते. मात्र निलंबनाचा आदेश हातात पडला की स्टिअरिंगला हात लावू नका, त्याचा गुन्हा वेगळा लागतो.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. पावती खिशातून काढून आत्ता वाचली. तारीख शुक्रवारची आहे. शनिवारच्या मालाला दुसरा ड्रायव्हर बघतो, आणि बायकोला आज रात्रीच सांगतो.