हृदय-शस्त्रक्रियेनंतरचा श्वास : आपले अनुभव लिहावेत

हृदयाची शस्त्रक्रिया ठरली की सगळ्यांचे लक्ष हृदयाकडे लागते आणि फुप्फुसांची आठवण काही बिघडल्यावरच होते. माझ्या वडिलांची बायपास व्यवस्थित झाली, परंतु बहुतेकांची काही तासांत निघणारी कृत्रिम श्वासासाठी श्वासनळीत घातलेली नळी त्यांच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाली. हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) चालू असताना फुप्फुसे नेहमीसारखी फुगत नाहीत, त्यामुळे त्यांचा तळाचा भाग, विशेषतः डावीकडचा, मिटलेला राहू शकतो, हे आम्हांला अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असताना कळले. आपण हे दिवस कसे काढले ते लिहावे; औषधांच्या मात्रा मात्र देऊ नयेत.

झडप बदललेला रुग्ण :
नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे ती असेपर्यंत बोलता येत नाही, एवढे एक वाक्य मला कोणी आधी सांगायला हवे होते. जाग आली तेव्हा माझी वाचाच गेली असे वाटून मी इतका धडपडलो की मला पुन्हा गुंगीचे औषध द्यावे लागले आणि नळी निघणे लांबले. पुढच्या वेळी परिचारिकेने पाटी-पेन्सिल हातात दिली. मी पहिला शब्द लिहिला, ‘पाणी’, आणि तेच नेमके मिळणार नव्हते.

फिजिओथेरपिस्ट :
तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये (श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणात) निम्मे रुग्ण फुंकर मारतात, असा माझा अनुभव आहे. प्रत्यक्षात त्यातून हवा सावकाश आत ओढायची असते आणि क्षणभर रोखून धरायची असते. छातीचे हाड कापून तारांनी बांधलेले असल्याने खोकताना जीव नकोसा होतो, म्हणून माणूस खोकला दाबतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. उशी छातीशी घट्ट धरून खोकावे. वेदनाशामक गोळी ‘सहन होते’ म्हणून नाकारणाऱ्यांशी मी दररोज भांडते, कारण ती गोळी मोकळेपणाने खोकता यावे यासाठीही असते.

रुग्णाची पत्नी :
तिसऱ्या दिवशी यांना पुन्हा धाप लागली आणि बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचा, मास्क लावला. नळी पुन्हा घालावी लागू नये म्हणून हा प्रयत्न आहे, असे डॉक्टरांनी समजावले. हे तो मास्क ओढून काढत, मी हात धरून बसत असे. नाकावर पडलेला वळ पुढे कित्येक दिवस दिसत होता.

बायपास झालेली रुग्ण :
घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आडवे झाले की श्वास कोंडू लागला. अशक्तपणा असेल म्हणून मी चार दिवस उशांना टेकून झोपले, ही माझी चूक. तपासणीत डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठल्याचे दिसले. ते सुईने काढल्यावर त्याच रात्री सपाट झोपता आले.

रुग्णाचा मुलगा :
आईच्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या, श्वास घेणाऱ्या स्नायूच्या पडद्याची) एक बाजू वर सरकलेली दिसत होती. त्याला हालवणारी नस हृदयाला लागूनच जाते आणि शस्त्रक्रियेत दुखावली जाऊ शकते, असे सांगण्यात आले. ती नस सावरायला आठ महिने लागले. तोवर जिना चढताना आई मधल्या पायरीवर थांबून, जणू काही विसरले आहे, असा चेहरा करून उभी राहत असे.