ब्रेस्ट रिडक्शन : तुम्ही सांगितलं काय आणि डॉक्टरांनी केलं काय?

मैत्रिणींनो, मान-खांदे भरून येणं, खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ, मे महिन्यात छातीखाली चिघळणारं पुरळ. यापायी स्तन लहान करण्याचं ऑपरेशन केलेल्या पुण्यातल्या काही जणींशी बोलले. दुखणं गेलं, पण मागितलं होतं ते मिळालं नाही, असं बऱ्याच जणी म्हणाल्या. तुमचं लिहा. डॉक्टर-हॉस्पिटलची नावं नकोत.

माझंच आधी. 'जमेल तितकं लहान करा, अगदी सपाट झालं तरी चालेल' असं मी दोनदा बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर खुशीत म्हणाले, "तुमच्या बांध्याला शोभेल एवढं ठेवलंय हं!" शोभेल कुणाला? तुळशीबागेत जाऊन पुन्हा जवळपास त्याच मापाच्या ब्रा घेऊन आले.

कोथरूडकरीण : आमच्याकडे प्रश्न मला नव्हतेच. डॉक्टर नवऱ्याकडे बघून, "तुम्हाला चालेल ना एवढं कमी केलेलं?" नवरा म्हणाला, "पाठ तिची दुखते, तिला विचारा." तरी फाइलवर 'मध्यम' असंच लिहिलं. आम्ही तिथून उठलो.

हडपसरची : माझं उलटं. थोडंच कमी हवं होतं, फार काढलं. विचारलं तर म्हणे, "बायका नंतर आणखी कमी करा म्हणत येतात, म्हणून एकदाच केलं."

सिस्टर (निवृत्त) : प्लास्टिक सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दुसरी बाजूही सांगते. निपलला रक्त पुरवणारा टिश्यूचा पट्टा शाबूत ठेवावा लागतो, त्यामुळे किती काढायचं याला खरंच मर्यादा असते. त्याहून लहान हवं तर निपल सुटं करून परत लावतात. मग तिथली संवेदना बहुतेक जाते, अंगावर पाजता येत नाही. काही जणींना तेही मान्य असतं! पण हे ऑपरेशनच्या आधी सांगायचं असतं, टाके घातल्यावर नाही. आणि 'सी कप' सांगून भागत नाही गं, प्रत्येक कंपनीचा सी वेगळा. फोटो दाखवा, हवं ते संमतीपत्रावर लिहून घ्या.

सिंहगड रोडवरून : माझ्या सर्जनबाईंनी नेमकं हेच केलं. आरशासमोर उभं करून मार्करने खुणा केल्या, 'याच्या खाली गेले तर निपलला धोका' असं तोंडावर सांगितलं. मनासारखं पूर्ण झालं नाही, तरी तक्रार नाही.

वकील ताई : २००८च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, नुसती सही म्हणजे संमती नव्हे. काय करणार, धोके काय, पर्याय काय, हे रुग्णाला पुरेसं सांगायला हवं. आणि शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या वतीने आई-नवऱ्याने होकार देऊन चालत नाही. कागदपत्रं लेखी मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार ७२ तासांत द्यावी लागतात. काढलेला टिश्यू तपासायला गेला असेल तर त्या रिपोर्टवर सहसा दोन्ही बाजूंचं वजन असतं, तोही घ्या.

हडपसरची : वजनाचं ठाऊकच नव्हतं! मागते.

धागाकर्ती : सिस्टर, मला पुन्हा करायचं झालं तर?

सिस्टर (निवृत्त) : सूज पूर्ण उतरू दे, निदान सहा महिने तरी. मग आधी ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं त्याची नोंद, मिळव. पहिल्या वेळी पट्टा वरून ठेवला की खालून, हे नव्या सर्जनला कळलं नाही तर नेमका तोच कापला जायचा. डिस्चार्ज कार्डावर ते नसतं.