जकातीचा हिशेब पूर्ण होतो, पण इबादत (उपासना) केल्यासारखे का वाटत नाही?

प्रश्न : खाडीकाठ

अस्सलामु अलैकुम. दरवर्षी रमजानमध्ये मी जकातीचा, म्हणजे संपत्तीतून द्यायच्या सक्तीच्या दानाचा, हिशेब मांडतो. बँकेतील शिल्लक, दुकानातील माल आणि लोकांकडून येणे असलेली रक्कम यांच्या बेरजेतून देणी वजा करून २.५ टक्के बाजूला काढतो व ईदपूर्वी वाटप पूर्ण करतो. नियमांबाबत मला शंका नाही. मात्र नमाजाच्या वेळी किंवा रोजात जे जाणवते, ते ही रक्कम देताना जाणवत नाही. कर भरून पावती जपून ठेवावी, तसे वाटते. कुरआनात नमाज आणि जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो. मग जे सक्तीचे आहे आणि ज्याचे प्रमाणही ठरलेले आहे, त्यात अंतःकरणाचा वाटा कोणता?

उत्तर : मुसाफिर

वालैकुम अस्सलाम. 'ही रक्कम माझी आहे आणि मी ती देतो आहे' असे आपण धरून चालतो, तिथेच ही अडचण सुरू होते, असे मला वाटते. सूरह अल-मआरिजच्या २४ आणि २५ या आयतींत नमाज नेमाने अदा करणाऱ्यांचे वर्णन करताना त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो, असे सांगितले आहे. म्हणजे निसाब (जकात लागू होण्यासाठीची किमान संपत्ती) ओलांडून चांद्र वर्ष पूर्ण झाले की तो चाळिसावा हिस्सा आपल्या खात्यात दिसत असला, तरी आपला उरत नाही. तो दुसऱ्याची अमानत होतो. प्रमाण ठरलेले असण्याचा अर्थ मी असाच लावतो, कारण हक्काला माप लागते. माप नसेल तर सारे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि मर्जीने देणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना शिरायला वेळ लागत नाही.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये जकात का फर्ज (सक्तीचे कर्तव्य) झाली, याची तीन कारणे दिली आहेत. अल्लाहवर सर्वाधिक प्रेम असल्याचा दावा माणूस कलमा (श्रद्धेची घोषणा) उच्चारून करतो, आणि त्या दाव्याची कसोटी त्याला प्रिय असलेल्या संपत्तीवर घेतली जाते, हे पहिले. कंजूषपणाच्या रोगातून मनाची सुटका, हे दुसरे. ती देण्याच्या सवयीनेच होते, नुसत्या विचाराने होत नाही. तिसरे कारण शुक्र, म्हणजे कृतज्ञता : शरीराच्या देणगीचे आभार शरीराच्या इबादतीने मानायचे आणि संपत्तीचे आभार संपत्तीने. याच विवेचनात ते पुढे म्हणतात की, खरा उपकारकर्ता घेणारा गरीब आहे, कारण अल्लाहचा हक्क तो आपल्याकडून स्वीकारतो आणि त्यामुळे आपली शुद्धी होते. हे वाक्य मनात ठेवून यंदा देऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे.

उत्तर : वाचनवेडा

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त 'सक्तीचे' या शब्दाबाबत थोडे लिहितो. बुखारी यांच्या संग्रहातील एका हदीसे कुदसीनुसार (पैगंबरांनी सांगितलेले अल्लाहचे वचन), बंदा ज्या ज्या गोष्टींनी अल्लाहच्या जवळ जातो, त्यांत फर्ज केलेल्या गोष्टीच त्याला सर्वाधिक प्रिय आहेत. ऐच्छिक इबादत त्यानंतर येते. त्यामुळे फर्ज म्हणजे कोरडे आणि ऐच्छिक म्हणजे हृदयाचे, ही विभागणी टिकत नाही. ऐच्छिक सदक्याला (दानाला) मर्यादा नाही, हे मात्र खरे. 'जे तुम्हाला प्रिय आहे त्यातून खर्च केल्याशिवाय तुम्ही नेकीपर्यंत पोहोचणार नाही' (३:९२) ही आयत उतरली, तेव्हा मदीनेतील अबू तल्हा यांनी आपली सर्वांत आवडती बैरुहा ही बाग देऊ केली आणि पैगंबरांनी (स.) ती त्यांच्या नातलगांतच वाटण्यास सांगितले.

उत्तर : रत्नागिरीकर भगिनी

मला देण्याच्या रीतीविषयी लिहावेसे वाटते, कारण भावना रीतीतून घडते, असा माझा विश्वास आहे. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असे सूरह अल-बकराच्या २६४व्या आयतीत बजावले आहे. त्याच्याच आधीच्या आयतीत, ज्या दानामागून दुखावणे येते त्यापेक्षा एक चांगला शब्द आणि क्षमा श्रेष्ठ ठरवली आहे. असे असताना रेशनचे किट घेणाऱ्या विधवेचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतो, याचे मला फार दुःख होते. काही बाजारांत रमजानच्या दिवसांत जकातीसाठी म्हणून हलके कापड वेगळे ठेवलेले असते. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती देण्यासाठी निवडू नका, हे २६७व्या आयतीत इतके स्पष्ट असूनही ते विकले जाते.

घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असे सांगणे आवश्यक नाही. देणाऱ्याची नियत पुरेशी असते. ईदी म्हणून पाकीट हाती दिले तरी, घेणारा पात्र असल्यास, जकात अदा होते. हजरत अली यांचे नातू जैनुल आबिदीन रात्री पाठीवर पिठाची पोती वाहून मदीनेतील घरांपर्यंत नेत असत, आणि हे कोण आणून देते ते त्यांच्या मृत्यूनंतरच लोकांना कळले, असे परंपरा सांगते.

जाता जाता दागिन्यांविषयी : आमच्या कोकणात बहुतेक घरे शाफई मताची (हनफीप्रमाणेच इस्लामी कायद्याचा एक पंथ) आहेत आणि त्या मतानुसार स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर जकात लागत नाही, तर हनफी मतानुसार लागते. सवलत असली, तरी आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या सोन्याचा विचार करून वेगळा सदका काढतात. ते त्यांना कोणी सांगितलेले नाही, म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आजवर मी संपूर्ण रक्कम एका संस्थेकडे एकरकमी पाठवत आलो. ते चुकीचे होते का?

उत्तर : मुसाफिर

चुकीचे मुळीच नाही. कुरआनाने (९:६०) जकातीच्या आठ हकदारांत ती गोळा करणाऱ्यांचाही समावेश केला आहे, म्हणजे सामूहिक व्यवस्था मुळातच अपेक्षित आहे. शिवाय संस्थेमार्फत दिल्याने घेणाऱ्याला आपल्यासमोर उभे राहावे लागत नाही. तरी काही भाग स्वतः शोधून द्यावा, असे मी सुचवीन, कारण सूरह अल-बकराच्या २७३व्या आयतीत ज्यांचे वर्णन आहे, जे आग्रहाने मागत नाहीत आणि अनभिज्ञ माणसाला सुखवस्तू वाटतात, ते यादीत नाव नोंदवायला सहसा येत नाहीत. सुरुवात नात्यातून करावी. आईवडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, त्यांचा सांभाळ आपल्यावर आधीच आहे. पण भाऊ, बहीण, आत्या, मावशी यांच्यापैकी कोणी गरजू असेल, तर त्यांना देता येते, आणि हदीसनुसार त्यात सदक्याचा सवाब (पुण्य) आहे आणि नाते जोडल्याचाही.